फेब्रुवारीतले सण आणि दिवस : तारीख कोण ठरवतं?

 

थंडीनं पाठ फिरवायला सुरुवात केली आहे. आंब्याला मोहोर आला, बांधावरचा पळस पेटल्यासारखा लाल दिसायला लागला. हरभरा घाट्यांनी भरलाय, ज्वारीचा हुरडा सरून कणसं कडक होत चाललीत. महिना अठ्ठावीस दिवसांचा, पण सण, जयंत्या आणि जत्रा बघितल्या तर सगळ्यांत भरलेला. आज याच महिन्याबद्दल बोलू या. कुठला दिवस कुठून आला, त्याची तारीख कोण ठरवतं, आणि आपण बायकांनी तो कसा साजरा करावा.

आधी महिन्याच्या नावापासून. फेब्रुवारी हे नाव जुन्या रोमन लोकांचं. लॅटिन भाषेत या शब्दाचा संबंध शुद्धीशी, साफसफाईशी आहे. रोमन लोकांचं वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं आणि फेब्रुवारी शेवटचा महिना होता. वर्ष संपताना घरदार आणि मन झाडून घ्यायचं, म्हणून हा शुद्धीचा महिना. याचा पुरावा आपल्याच तोंडात आहे. सप्त, अष्ट, नव, दश म्हणा आणि मग सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणून बघा. सातवा, आठवा, नववा, दहावा! मार्चपासून मोजलं तरच हा हिशेब जुळतो. आपल्याकडंही याच दिवसांत माघस्नान असतं. नदीवर पहाटेची अंघोळ करायची, म्हणजे शुद्धीच झाली.

तारखेचे सण, तिथीचे सण

बैठकीत बायका नेहमी विचारतात, की शिवजयंती दरवर्षी १९ तारखेला ठरलेली, मग महाशिवरात्र का पुढंमागं पळते? २०२३ साली ती १८ फेब्रुवारीला होती. २०२४ साली ८ मार्चला गेली. २०२५ साली २६ फेब्रुवारीला आली आणि २०२६ साली १५ फेब्रुवारीला.

त्याचं कारण असं. इंग्रजी कॅलेंडर सूर्यावर चालतं. पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला ३६५ दिवस आणि साधारण सहा तास लागतात. दरवर्षीचे हे सहा तास चार वर्षांत मिळून एक दिवस होतो, आणि तो दिवस फेब्रुवारीच्या शेवटी जोडतात. म्हणून २०२४ साली २९ फेब्रुवारी होती, पुढची २०२८ साली येईल.

आपलं पंचांग महिने मोजतं चंद्रावर. अमावस्या ते अमावस्या एक महिना. असे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. त्यामुळं तिथीचा सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडं सरकतो. असंच चालू राहिलं असतं तर दिवाळी कधीतरी भर उन्हाळ्यात आली असती. म्हणून साधारण अडीच-तीन वर्षांनी एक जास्तीचा महिना घालून हिशेब जुळवतात. तोच अधिक महिना, आपला धोंड्याचा महिना. जावयाला धोंडे जेवायला घालतो तो. २०२३ साली अधिक श्रावण झाला, म्हणून २०२४ ची महाशिवरात्र एकदम मार्चात गेली. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे.

आमच्या गटांतल्या मुस्लिम बहिणींचं कॅलेंडरही चंद्रावरच चालतं, पण त्यात अधिक महिना घालत नाहीत. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. २०२६ साली तो फेब्रुवारीत सुरू होतो, २०३० साली तर जानेवारीच्या सुरुवातीलाच येईल. रोजे कधी उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत, कधी थंडीतल्या छोट्या दिवसांत का येतात, ते यावरून कळतं.

गोव्याचा कार्निव्हल, म्हणजे इंत्रुज, हाही बहुतेक वेळा याच महिन्यात येतो. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपासकाळ पाळतात. तो सुरू होण्याआधीचे हे खाण्यापिण्याचे, नाचगाण्याचे दिवस. ईस्टरचा रविवारही पौर्णिमा बघूनच ठरतो, म्हणून कार्निव्हलची तारीखही हलते.

आणि कोकणात तर तिसराच प्रकार आहे. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीला भराडी देवीची मोठी जत्रा भरते. तिची ना तारीख ठरलेली, ना तिथी. देवीचा कौल घेतात आणि मग दिवस जाहीर होतो. मुंबईचे चाकरमानी त्या बातमीची वाट बघत बसलेले असतात.

म्हणजे कुठं सूर्य तारीख ठरवतो, कुठं चंद्र, कुठं कौल. पण या दिवसांत जत्रा एवढ्या का, याचं एक साधं कारण सगळीकडं सारखंच आहे. सुगीचं धान्य घरात येत असतं, हातात चार पैसे असतात आणि उन्हाची काहिली अजून सुरू झालेली नसते. माणसाला घराबाहेर पडायला याहून चांगला काळ नाही. पंढरपूरची माघी वारीही याच दिवसांतली, वर्षातल्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी एक. आणि वसंत पंचमीला पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईचं लग्न लागतं.

रथसप्तमी आणि हळदीकुंकू

माघ शुद्ध सप्तमी म्हणजे रथसप्तमी. अंगणात तुळशीपुढं सूर्याच्या रथाची रांगोळी काढायची, त्याला सात घोडे. गोवऱ्या पेटवून त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. सूर्याचे आभार मानायचे. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढायला लागतो, पण ती वाढ डोळ्यांना दिसत नाही. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो असं आपण म्हणतो. रथसप्तमीपर्यंत मात्र संध्याकाळी शेतातून परतताना उजेड जास्त राहतो, हे आपल्याला चांगलं जाणवतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. लहान लेकरांचं बोरनहाण होतं, नव्या सुनांना हलव्याचे दागिने घालतात. कामाच्या रगाड्यातून बायकांनी एकमेकींच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं, याची ही हक्काची वेळ. पूर्वी बाईला घराबाहेर पडायला कारण लागायचं आणि हळदीकुंकवाला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. या सणाची ही बाजू आम्हाला फार मोलाची वाटते.

पण याच सणात काही बायकांसाठी दार बंद असतं, हेही मोकळेपणानं बोलायला पाहिजे. जिचा नवरा वारला, तिला बोलावणं नाही. आलीच, तर ती मागं भिंतीला टेकून बसते. कुंकवाचा करंडा तिच्यासमोरून पुढं जातो.

आमच्या एका गटात अकरा जणी आहेत, त्यांतल्या तिघींचे नवरे गेलेले. तिघींचाही हप्ता कधी चुकत नाही. त्यांतली एक गटाची सचिव आहे, बँकेत तिची सही चालते. गटाच्या पैशाला जिची सही चालते, तिच्या हातचा तिळगूळ का चालू नये, असा प्रश्न बैठकीत निघाला. बरीच चर्चा झाली. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, "रीत आहे, मोडू नका." शेवटी ठरलं ते असं, की बोलावणं सगळ्यांना, तिळगूळ आणि वाण सगळ्यांना, आणि हळद-कुंकू जिला लावायचं तिनं लावावं, कुणी कुणाला जबरदस्ती करायची नाही. पहिल्या वर्षी तिघींपैकी दोघी आल्या. तिसरी घरीच थांबली. दुसऱ्या वर्षी ती दारापर्यंत आली, एक फूल घेतलं आणि गेली. गेल्या वर्षी ती आत येऊन बसली. कुंकू तिनं लावलं नाही, कुणी आग्रहही केला नाही. पण वाण वाटायला तीच उठली. बदल असाच होतो, मैत्रिणींनो. सावकाश, आणि ज्या त्या बाईच्या मर्जीनं.

आणि हे काही आजच कुणाला सुचलंय असं नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५२ साली पुण्यात तिळगुळाचा कार्यक्रम घेतला होता. कुठल्याही जातीधर्माची बाई असो, सगळ्यांनी एकाच जाजमावर बसायचं आणि भेद न करता सगळ्यांना हळदीकुंकू, असं त्या बोलावण्यात होतं. त्या काळी एका जाजमावर बसणं ही केवढी मोठी गोष्ट होती, विचार करा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव आठवत असेल. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करायचं आवाहन केलं. पण कागद गावात येऊन पडला म्हणजे काम झालं, असं होत नाही. करंडा पुढं करायचा तो हात आपलाच असतो.

महाशिवरात्र आणि उपवासाचं ताट

माघ वद्य चतुर्दशीची रात्र म्हणजे महाशिवरात्र. उत्तरेकडचे लोक तिला फाल्गुनातली म्हणतात, कारण तिकडं महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडं अमावस्येला. दिवस मात्र एकच असतो. बेलाची पानं, रात्रीचं जागरण आणि उपवास. या दिवसांत कवठं पिकतात, म्हणून कवठाची चटणी किंवा बर्फी या दिवशी हमखास होते.

उपवासाच्या ताटाची एक गंमत सांगतो. साबुदाणा होतो टॅपिओका नावाच्या कंदापासून. तो कंद, रताळं, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. गेल्या चार-पाचशे वर्षांत ते आपल्याकडं आलं आणि आज उपवासाला त्याच्याशिवाय पान हलत नाही. म्हणजे रीत दगडावरची रेघ नसते, ती बदलत आलेली आहे.

आता महत्त्वाचं. भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत दरवर्षी ऐकू येतात. भगरीला ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. म्हणून भगर पाकीटबंद घ्या, पाकिटावरची तारीख बघा, सुटी आणि जुनी घेऊ नका. भगरीचं पीठ विकत आणण्यापेक्षा घरी लागेल तेवढंच दळा, साठवून ठेवू नका. डबा कोरडा आणि झाकण घट्ट ठेवा. खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, चक्कर किंवा अंग थरथरणं असं काही झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. जिला रक्त कमी आहे, जी गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे, तिनं कडक उपवास करू नये. जागरणात भजन म्हणा, पण पोटात काहीतरी असू द्या.

१९ आणि २३ तारीख

१९ फेब्रुवारी १६३० या दिवशी जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. तिथी होती फाल्गुन वद्य तृतीया. म्हणून काही गावांत तारखेची शिवजयंती होते आणि काही ठिकाणी तिथीची. सरकारी सुट्टी १९ तारखेची. जोतिराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर पवाडा लिहिला आणि पुढं १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानं रायगडावर उत्सव झाला. तिथून ही जयंती गावोगाव पोचली.

आपल्या पोरांना मिरवणूक आणि झेंडे माहीत असतात. रांझे गावच्या पाटलाची गोष्ट मात्र आपण सांगायला हवी. त्या पाटलानं एका बाईवर अत्याचार केला. महाराज तेव्हा अगदी तरुण होते, पण पाटील मोठा माणूस म्हणून त्याला सोडलं नाही. त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली. तशी शिक्षा आज देता येणार नाही आणि देऊही नये. पण बाईची तक्रार खरी धरायची आणि गुन्हेगार कितीही मोठा असला तरी त्याला सोडायचं नाही, एवढं तरी प्रत्येक गावानं त्यातून घ्यावं. शिवजयंतीच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागून घ्या आणि गटातल्या एखादीनं ही गोष्ट सांगा.

२३ फेब्रुवारी ही गाडगेबाबांची जयंती. त्यांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. गावात गेले की दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. स्वतः शाळा शिकले नाहीत, पण पोरांना शिकवा म्हणून सांगत फिरले. वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्याच नावानं राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं.

त्यांचं एक सांगणं बचत गटांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. कर्ज काढून सण करू नका. याचा साधा हिशेब करू. हळदीकुंकवाला पन्नास बायका आणि ४० रुपयांचं वाण, म्हणजे २,००० रुपये. हे पैसे गटातून महिना २ टक्क्यांनी घेतले आणि दहा महिन्यांत २०० रुपयांच्या हप्त्यानं मुद्दल फेडलं, तर व्याज होतं २२० रुपये. तेच सावकाराकडून महिना ५ टक्क्यांनी घेतले, तर दर महिन्याला १०० रुपये व्याज. दहा महिन्यांत १,००० रुपये गेले आणि मुद्दल होतं तिथंच! प्लॅस्टिकच्या डब्यासाठी एवढं? त्यापेक्षा गटानं मिळून एकच हळदीकुंकू करा. वाण म्हणून भाजीपाल्याच्या बियांची पुडी द्या, नाहीतर शेजारच्या गटानं केलेला मसाला घ्या. पैसा गावातच राहतो.

२७ आणि २८ तारीख

२७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. कवी कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, यांचा हा जन्मदिवस. जन्म १९१२ सालचा. त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. आपल्या मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. त्याआधी २१ फेब्रुवारीला जगभर मातृभाषा दिन असतो. १९५२ साली ढाक्यात आपल्या बंगाली भाषेसाठी लढणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांची ती आठवण.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं पुस्तकं लिहितो? अहो, जात्यावर बसून ओव्या रचल्या त्या कुणी? हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं या दोघांनी आपल्या सोबत्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या आपल्यासारख्या बायकांच्या. पण गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ज्या आज्यांना ओव्या येतात त्या थकत चालल्यात. म्हणून यंदा २७ तारखेला एक करा. मोबाईल घ्या, गावातल्या एका आजीजवळ बसा, तिची परवानगी घ्या आणि तिच्या ओव्या रेकॉर्ड करा. तिचं नाव, गाव आणि ओवी कुणाकडून शिकली तेही विचारून घ्या.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात आपला शोध जाहीर केला. उजेड एखाद्या वस्तूतून जाताना त्यातल्या थोड्याशा उजेडाचा रंग बदलतो आणि त्या बदलावरून ती वस्तू कशाची आहे ते ओळखता येतं. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. औषध खरं की खोटं हे बघणारी यंत्रं आज याच शोधावर चालतात.

रंग बदलण्याचा एक प्रयोग आपल्याही घरात होतो. साडीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो. साबणात आणि चुन्यात क्षार असतो. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. जुन्या बायका हळदीत चुना आणि लिंबू घालून कुंकू घरीच करायच्या, ते याच गुणावर. बाजारातल्या कुंकवात पुष्कळदा कृत्रिम रंग असतो. त्यानं कपाळाला खाज सुटली, डाग पडला, तर ते लावणं थांबवा. विज्ञान दिनाला शाळेतल्या पोरांना हा हळदीचा प्रयोग करून दाखवा. त्यांना कळू द्या, की आईच्या डब्यातही विज्ञान असतं.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत तीन ठराव मांडून बघा. एक, पुढचं हळदीकुंकू गटाचं मिळून, कर्ज न काढता, आणि त्याला गावातल्या सगळ्या बायकांना बोलावणं. दोन, एका आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग. तीन, उपवासाच्या आधी भगरीबद्दल घरोघरी निरोप. ठराव वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. जिला सही येत नाही तिचा अंगठा घ्या, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तिला सही शिकवा.

मार्च आला की हिशेबाची घाई सुरू होईल. पुढच्या वेळी वर्षअखेरीच्या वह्यांबद्दल बोलू.